पोटाखालची खिडकी

"जपून, बिडवे. आत संशोधन आहे," प्राचार्य खळदकर म्हणाले आणि मी हातातली कात्री थांबवली.

वर्कशॉपमध्ये लेथ मशिनांच्या रांगेसमोर माणूस आडवा मावेल एवढं मोठं खोकं पडलं होतं. सकाळीच ट्रान्सपोर्टने पुण्याहून आलं होतं. मी पट्ट्या कापल्या, फुगेवालं प्लास्टिक सोडवलं. आतून एक काळाकुळकुळीत बंपर निघाला. मोटारीचा पुढचा. जबडा वासलेला, खालचा ओठ पुढे आलेला, दोन्ही गालांवर माशाच्या कल्ल्यांसारख्या खाचा. त्याच्याखाली चार काळी पॅनेलं एकावर एक रचलेली होती.

"सर, हा तर तयार बंपर आहे," मी म्हणालो.

"तयार होता," प्राचार्य म्हणाले. "आजपासून आपण तो तयार करतोय."

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ज्वारीच्या रानात आमचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं होतं. इमारत चार मजली, दारात संस्थापकांचा अर्धपुतळा, आणि प्रयोगशाळांची कुलपं समिती यायची असली की निघत. खोकं आलं त्या सोमवारपासून नवव्या दिवशी मूल्यांकन समिती येणार होती. तीन वर्षांपूर्वीच्या समितीने अहवालात एकच वाक्य वाईट लिहिलं होतं : ‘मेकॅनिकल विभागात संशोधनाचा पूर्ण अभाव.’ त्या वाक्याची झेरॉक्स प्राचार्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

त्याच टेबलाच्या खणात माझी फाइल होती. मी तिथे चार वर्षं हंगामी अधिव्याख्याता होतो. दर मे महिन्यात मला कमी करत आणि दर जुलैत परत घेत. कायम नेमणुकीचा माझा प्रस्ताव सहीसाठी पडून होता. प्राचार्य तो कधी नाकारत नसत. मी समोर बसलो की अधूनमधून खण उघडून तो अजून तिथेच आहे एवढं दाखवत.

त्यांची योजना सोपी होती. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला संस्थेची एक जुनी पांढरी गाडी होती. तिला हा बंपर लावायचा, पोटाखालून ही चार पॅनेलं मारायची. म्हणजे गाडीखालचा वारा गुळगुळीत वाहील, अडथळा कमी होईल, पेट्रोल वाचेल. आणि हे सगळं आमच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षं खपून बनवलं, असं समितीला सांगायचं.

"दोन वर्षं, सर?"

"एक म्हटलं तर घाईत उरकल्यासारखं वाटतं."

काम करायचं होतं मुलाणी मिस्त्रींना. इनूस मुलाणी आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री. आयटीआय शिकलेले, हयात एसटीच्या डेपोत काढून मग आमच्याकडे आलेले. अंगाने बारीक, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. इंजिन बिघडलं की ते आधी हात लावत नसत, मान तिरकी करून ऐकत राहत. त्यांनी बंपरभोवती एक चक्कर मारली, एक पॅनेल उचलून वजन पाहिलं आणि त्यावर टिचकी मारली.

"सर, हे लावल्यावर व्हणार काय?"

"वारा कमी अडेल, मिस्त्री."

"आपल्या रस्त्याला गाडी वाऱ्यानं अडती होय?" एवढं बोलून ते जॅक आणायला गेले.

जुना बंपर त्यांनी अर्ध्या तासात उतरवला. बॉनेट उघडून वरचे स्क्रू, चाकांच्या कमानीतले आतले स्क्रू, मग खालच्या क्लिपा. शेवटी दोन्ही कडांना हात घालून तो असा हलकेच ओढला की जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढतायत. नवा मात्र बसेना. तो त्याच गाडीचा होता, पण पुढच्या सालच्या. डावीकडची भोकं जुळली की उजवीकडची बोटभर सरकत, उजवीकडची जुळवली की मधे फट पडे. मिस्त्रींनी गरम हवा मारून कडा मऊ केल्या, कानशीने घासल्या, दोन ब्रॅकेट नवे वाकवले. दीड दिवस गेला. आतल्या बाजूला परदेशी लिपीत काहीतरी छापलेली पट्टी होती. ती प्राचार्यांनी स्वतः येऊन नखाने खरवडून काढली. त्या सगळ्या कामात त्यांनी लावलेला हात तेवढाच.

रोज चार वाजता फोटो काढायचा कार्यक्रम असे. शेवटच्या वर्षातले सात विद्यार्थी निवडले होते. निकष एकच, इंग्रजी बरं हवं. ते स्वच्छ एप्रन घालून येत, मिस्त्री बाजूला होत, मुलं पाने हातात धरून बंपरकडे गंभीरपणे बघत. एकाने पाना उलटा धरला होता. मिस्त्रींनी पुढे होऊन तो सरळ केला आणि पुन्हा चौकटीबाहेर गेले.

पॅनेलं बसवायला गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्री खाली उतरले, मी त्यांना दिवा दाखवत होतो. पहिली दोन पॅनेलं मुकाट बसली. तिसरं इंजिनाच्या बरोबर खाली येत होतं. मिस्त्रींनी ते धरून पाहिलं, खाली ठेवलं आणि वर काठाशी उभ्या असलेल्या प्राचार्यांना म्हणाले, "साहेब, ह्याच्यात ऑइलच्या नटाला जागाच नाही. ऑइल बदलायचं म्हंजे दर टायमाला सगळं पोट सोडायचं. आन् खालची हवा कोंडली तर इंजिन तापंल. एक भोक पाडू का?"

"भोक?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही अभद्र बोललो होतो. "मिस्त्री, हे डिझाइन आहे. तज्ज्ञांनी विचार करून केलेलं."

"त्या तज्ज्ञांनी ऑइल बदललं नसंल कधी," मिस्त्री म्हणाले. पण ते खड्ड्यातून, आणि हळू.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी वर्कशॉपमध्ये गेलो तर मिस्त्री तिसरं पॅनेल मांडीवर घेऊन बसले होते. त्यावर खडूने एक चौकोन आखलेला होता.

"सर, तुम्ही जरा पलीकडं तोंड करा."

"का?"

"साहेबांनी विचारलं तर, मी बघितलं नाही, असं म्हणायला बरं पडंल."

मी तोंड फिरवलं नाही. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी ब्लेडने चौकोन कापला, कडा कानशीने गुळगुळीत केल्या. मागच्या समितीच्या स्वागताचा एक ॲल्युमिनियमचा फलक अडगळीत पडला होता, त्याच्या पत्र्यातून एक झडप कापली, तिला बिजागरी लावली आणि दुसऱ्या बाजूला फिरवायची कळ. मग छिन्नीने झडपेत पाच आडव्या चिरा पाडून प्रत्येकीची कड थोडी उचलली.

"या चिरांची तोंडं सगळी मागे का, मिस्त्री?"

"पुढं तोंड केलं तर चिखल गिळंल. मागं केलं की गाडी पळताना गरम हवा आपसूक वढली जाती." त्यांनी झडप दोनतीनदा उघडली, मिटली. आवाज होत नव्हता. त्यांचा चेहरा मी तेवढा खूश क्वचितच पाहिला होता.

आता मोजपट्टी लावून पाहिलं तर गाडी आणि जमीन यांच्यात जेमतेम पाच बोटं उरली होती. महाविद्यालयाच्या फाटकातला गतिरोधक तिला ओलांडता येईना. बंपरचा ओठ घासला जाई. मी हे प्राचार्यांच्या कानावर घातलं. त्यांनी त्याच दिवशी गतिरोधक फोडायला सांगितला. हा गतिरोधक वर्षभरापूर्वी एका विद्यार्थिनीला अपघात झाल्यावर मोर्चा निघाला तेव्हा घातला होता. "समिती गेल्यावर परत घालू," ते म्हणाले. पुढचा मोर्चा निघेपर्यंत तो घातला गेला नाही.

मग मोजणी. मी आणि मिस्त्रींनी बंपर बदलण्याआधीच टाकी काठोकाठ भरून साठ किलोमीटरची फेरी मारून ठेवली होती. आता तीच फेरी, तोच वेग, पुन्हा टाकी काठोकाठ. आधी लिटरला पंधरा पूर्णांक दोन किलोमीटर पडले होते. नंतर चौदा पूर्णांक नऊ पडले.

"वजं वाढलं की," मिस्त्री म्हणाले.

मी कागद घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"जाताना वारा समोरून असेल."

"सर, येताना मागून होता मग. गेलो आणि आलो, दोन्ही मोजलं."

"पुन्हा मोजा."

आम्ही पुन्हा मोजलं, पुन्हा चौदा पूर्णांक नऊ. तिसऱ्यांदा चौदा पूर्णांक आठ आले. तेव्हा प्राचार्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि खण उघडून माझी फाइल टेबलावर घेतली. उघडली नाही. तिच्यावर कोपर टेकवलं.

"बिडवे, तुम्ही तरुण आहात. तुम्हाला वाटतं, आधी आकडा येतो आणि मग निष्कर्ष. समितीला काय हवं असतं? बचत. किती लिहाल?"

मी चहाचा कप पुढे ओढला.

"दहा टक्के लिहिलं तर बनावट वाटेल. बारा लिहिलं तरी तेच. अकरा पूर्णांक सहा लिहा. दशांश आला की मोजल्यासारखं वाटतं."

मी अकरा पूर्णांक सहा लिहिलं. कुणी हात धरून लिहून घेतलं नाही.

संशोधनाचा फलक रंगवून आला. मार्गदर्शक डॉ. खळदकर, मुख्य संशोधक प्रा. बिडवे, खाली सात विद्यार्थी. मी जाऊन म्हणालो, "सर, मुलाणी मिस्त्रींचं नाव राहिलं."

"मिस्त्रींचं नाव घातलं की समिती विचारणार, मग विद्यार्थ्यांनी काय केलं? काय सांगाल तुम्ही?"

मी बाहेर आलो.

समितीत तिघे होते. दोघांनी सकाळच्या उपम्यापासून दुपारच्या श्रीखंडापर्यंत सगळं उत्तम असल्याचा निर्वाळा दिला होता. तिसऱ्या डॉ. शरयू केंजळे. साठीच्या आसपास, सुती साडी, आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. त्या फार कमी बोलत. वर्कशॉपमध्ये मुलांनी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, अकरा पूर्णांक सहावर टाळ्या पडल्या. मॅडमनी विचारलं, "अकराच्या पुढचे सहा कसे आले?"

"मोजून, मॅडम," एक मुलगा म्हणाला. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

"गाडी खड्ड्यावर घ्या. मला खालून बघायचीय."

"मॅडम, खाली ऑइल, धूळ..." प्राचार्य म्हणाले.

"म्हणून तर बूट घालून आलेय."

मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली. मॅडम पदर खोचून पायऱ्या उतरल्या, मागोमाग मी, आणि दिवा धरायला मिस्त्री. प्राचार्य वरच थांबले; मला त्यांचे पॉलिश केलेले बूट तेवढे दिसत होते. मॅडमनी पहिल्या पॅनेलवरून हात फिरवला, दुसऱ्यावरून फिरवला. तिसऱ्याशी थांबल्या. कळ फिरवली. झडप उघडली. आत ऑइलचा नट बरोबर मधोमध दिसत होता. त्यांनी झडप मिटली, पुन्हा उघडली.

"ही खिडकी कुणाची?"

"ती आमच्या बिडवेंची कल्पना," वरून प्राचार्यांचा आवाज आला. तिथे खिडकी आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

"मी खाली विचारतेय," मॅडम वर न बघता म्हणाल्या. मग आवाज उतरवून, आम्हा दोघांनाच ऐकू जाईल असं बोलल्या. "बाकी सगळं बाजारातलं आहे. ते मला कळतं. सगळीकडे तेच बघते मी, त्याबद्दल आता काही वाटतही नाही. पण ही बाजारात मिळत नाही. सबंध गाडीत विचार फक्त एवढ्या जागेत केलेला आहे. कुणी केली?"

मिस्त्रींनी दिवा थोडा वर धरला, त्यांना नीट दिसावं म्हणून. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर सांगतील."

त्यात टोमणा नव्हता. मोठ्या माणसांपुढे स्वतःचं स्वतः सांगायचं त्यांना अवघड वाटत होतं, आणि सर सांगतील यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. वर ते बूट जरासे हलले.

"माझी, मॅडम," मी म्हणालो.

दिवा हलला नाही.

"बरं. मग या चिरा मागच्या बाजूला का उघडतात?"

"पुढं तोंड केलं तर चिखल गिळंल," मी म्हणालो. मी नाशिकचा. जन्मात मी ‘गिळंल’ म्हटलं नव्हतं. "म्हणजे, आत जाईल. आणि मागे केल्यामुळे गरम हवा ओढली जाते."

केंजळे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून वर गेल्या.

समिती गेल्यावर मिस्त्री नळावर भुसा आणि साबण लावून हात धूत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. "मिस्त्री, ते खाली..."

"गाडी तापली नाही आज. तेवढं बास," ते म्हणाले. "चहा घेणार का, सर?"

आम्ही चहा घेतला.

महिन्याभरात अहवाल आला. श्रेणी एका पायरीने वाढली होती. संशोधनाच्या रकान्यात दोनच वाक्यं होती आणि ती कुणाची, हे मला वाचताक्षणी कळलं : ‘गाडीच्या अधोभागातील खिडकीची रचना उल्लेखनीय. या रचनेमागील ज्ञान आणि वर्कशॉपमधील कर्मचारी यांच्यातील नाते विभागाने लेखी स्पष्ट करावे.’

प्राचार्यांनी ते तीनदा वाचलं. मला वाटलं, आता सुटलो. आता हे लिहावंच लागेल.

"म्हणजे बघा," प्राचार्य म्हणाले, "त्यांचं म्हणणं, हे ज्ञान खालपर्यंत पोचलेलं नाही. बरोबरच आहे. मिस्त्री खाली दिवा घेऊन नुसते उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यांना प्रशिक्षण द्या."

"कोण देणार, सर?"

"कल्पना कुणाची आहे?" असं म्हणून त्यांनी खणातून माझी फाइल काढली आणि माझ्यासमोर सही केली.

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. प्रशिक्षणार्थीही तीन : मुलाणी मिस्त्री, स्टोअरकीपर, आणि संख्या भरावी म्हणून बागेचा माळी. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी येत आणि पहिल्या बाकावर बसत. नवी वही आणली होती, पहिल्या पानावर तारीख घातली होती. दोन दिवस मी त्यांना वाऱ्याचा दाब, अडथळा, प्रवाहाच्या रेषा असं शिकवलं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर खिडकीचा फोटो आला. खाली छापलं होतं : ‘संकल्पना – प्रा. नं. बा. बिडवे’. कार्यालयाने छापलं होतं. मी पाहिलं होतं आणि राहू दिलं होतं. मी पुढच्या चित्रावर जायची घाई करत होतो, तेवढ्यात मिस्त्रींनी हात वर केला.

"सर, एक शंका. ह्या चिरा मागं तोंड करून का?"

पेंगणारा माळी सावरून बसला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते पेन उघडून थांबले होते.

"चिखल आत जाऊ नये म्हणून," मी म्हणालो. "आणि गरम हवा ओढली जावी म्हणून."

त्यांनी ते लिहून घेतलं, शब्दनशब्द. सावकाश, एकेक अक्षर काढून.

"आन् अजून एक. खिडकी एवढीच का ठिवली? नटाला तर ह्याच्या निम्मीसुद्धा पुरली आसती."

हे त्यांनी मला त्या दुपारी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"तेवढी... पुरते," मी म्हणालो.

त्यांनी पेनचं टोपण लावलं. हे उत्तर त्यांनी लिहून घेतलं नाही.

शेवटी प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा एक फॉर्म भरायचा होता. प्रशिक्षकाने भरायचा आणि प्रशिक्षणार्थीने खाली सही करायची. कार्यालयाची सूचना होती, एकही रकाना कोरा सोडायचा नाही. ‘प्रशिक्षणापूर्वीचे विषयाचे ज्ञान’ या रकान्यापाशी मी थांबलो. मिस्त्री टेबलापलीकडे उभे होते. तिथे काहीही खरं लिहिलं असतं, तर ते माझ्या कायम नेमणुकीच्या कागदांना लागूनच फाइलमध्ये जाणार होतं. मी लिहिलं, ‘निरंक’. खालच्या रकान्यात, प्रशिक्षणानंतरचे, ‘समाधानकारक’.

मिस्त्रींनी चष्मा सावरून ते वाचलं आणि सही केली. त्यांची सही वळणदार होती, मी आधी कधी नीट पाहिली नव्हती. प्रमाणपत्राची घडी करून त्यांनी वहीत ठेवली आणि दाराकडे निघाले.

"मिस्त्री," मी हाक मारली. "ती खिडकी एवढी मोठी का ठेवली होती?"

ते दारात वळले.

"तुम्हीच सांगितलं की, सर," ते म्हणाले. "तेवढी पुरते."